कमरेवरची खपली

डहाणूच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर मला उंदीरवाली ताई म्हणतात. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी मला त्याचा भयंकर राग यायचा. एवढं शिकले, बापानं चिकूच्या वाडीत मजुरी करून शिकवलं, आणि नाव काय मिळालं तर उंदीरवाली! पण चूक त्यांचीही नव्हती. संध्याकाळी गवताच्या कडेनं पिंजरे लावायचे, आमिषाला सुका बोंबील टांगायचा, सकाळी सापडलेले उंदीर गोळा करायचे आणि त्यांच्या कानातून बारीक कंगव्यानं किडे काढायचे. हे काम करणाऱ्या बाईला लोक आणखी काय म्हणणार?

काम तापाच्या संशोधनाचं. मलेरिया नाही, डेंगी नाही, तरी ताप उतरत नाही, अशी माणसं आमच्याकडे दरवर्षी भात कापणीच्या सुमाराला निघतात. पूर्वी त्यांना कुणी व्हायरल म्हणायचं, कुणी बाहेरचं म्हणायचं, आणि त्यातली काही मरायची. त्या माणसांचं रक्त तपासून ताप नेमका कसला हे शोधायचं. आमचा सगळ्यात मोठा संशय होता स्क्रब टायफसवर. गवतात, झुडपांत डोळ्याला दिसेल न दिसेल असा किडा असतो, उंदरांवर जगतो, गवत कापणाऱ्या माणसाला चावतो. वेळेत डॉक्सीच्या गोळ्या पोटात गेल्या तर दोन दिवसांत माणूस उठून बसतं. साध्या, स्वस्त गोळ्या. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काय हाती लागेल ते जातं. इतर तापांवर नेहमी देतात ती इंजेक्शनं त्याच्यावर चालतच नाहीत.

या तापाची एक खूण असते. किडा चावला तिथं काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. सगळ्यांना येत नाही, पण आली तर निदान तिथंच झालं म्हणायचं. ती येते कुठं तर जिथं कपडा आवळलेला असतो तिथं: कमरेवर, काखेत, जांघेत, छातीखाली. म्हणून प्रकल्पात बायका हव्या होत्या. फॉर्मवर सातवा प्रश्न तोच होता. ‘अंगावर काळी खपली आहे का? विचारा आणि पाहा.’ शेजारी दोन चौकोन, होय आणि नाही.

आता माझं पोट दाखवते, म्हणजे पुढचं कळेल. बेंबीच्या वर माझ्या दोन खुणा आहेत, पांढऱ्या, सुरकुतलेल्या, हरभऱ्याएवढ्या. मी चार महिन्यांची असताना माझं पोट फुगलं, तर आईनं शेजारच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याला बोलावून डाम दिला. डाम म्हणजे विळ्याचं टोक चुलीत लाल करून टेकवायचं. आमच्याकडे पोटदुखीला देतात, फेफऱ्याला देतात, तापालाही देतात. आई हे फार कौतुकानं सांगायची. “पाय मीच धरले होते गं तुझे.” मी त्यावरून तिच्याशी जितकं भांडले तितकं लग्नावरूनही भांडले नसेन. ज्या घरात पोराच्या पोटावर डाम दिसेल त्या घरात माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा, मग समोर कोण आहे ते दिसायचं नाही. डाम ओळखायला मला कुणी शिकवायला नको होतं. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

तो मंगळवार होता. डोंगराकडच्या एका पाड्यावर एक सून पाच दिवस तापानं पडली आहे असं आशाताईनं कळवलं होतं. वय बावीस-तेवीस. नवरा उंबरगावच्या एका कारखान्यात, आठ-आठ दिवस तिकडेच. घरात सासू आणि ही. दोघी महिनाभर गवत कापायला जात होत्या, दिवाळीला सून चार दिवस माहेरी जाऊन आली, आल्यावर पुन्हा गवत, आणि मग ताप. हे सगळं मला सासूनं दारातच सांगितलं. चांगली बोलकी बाई, हाडानं काटक, अंगणात नागलीची कणसं झोडत होती. “ये गो बाय, उंदीरवाली ना तू?” म्हणाली आणि हसली.

सून ओटीवर गोधडी घेऊन पडली होती. डोळे लाल, डोकं फुटतंय म्हणत होती. मलेरियाची पट्टी लावली, तिच्यावर दुसरी रेघ नाही आली. ट्यूबमध्ये रक्त घेतलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं. सासूला म्हटलं, जरा बाहेर थांबा, मला हिचं अंग बघायचंय. काख बघितली, छातीखाली बघितलं. मग लुगड्याची गाठ सैल केली, आणि उजव्या कमरेवर, गाठीच्या बरोब्बर खाली, काळा गोल. हरभऱ्याएवढा.

बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्यावर बोट दाबलं. “हे कुणी केलं?” सून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा दाबलं. “कुणी दिला डाम? सासूनं?” तिनं मान वाकडी करून स्वतःची कमर बघायचा प्रयत्न केला, पण तिला उठवेना.

मग मी बाहेर गेले. काय काय बोलले ते सगळं आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. पोरगी तापानं फणफणतेय आणि तुम्ही तिला जाळताय? सून म्हणून? स्वतःच्या लेकीला दिला असता का? सासू कणसाची पेंढी हातात धरून उभी राहिली. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं. मी काही तिला संधीही दिली नाही. “उद्याच्या उद्या तिला दवाखान्यात न्या,” मी म्हटलं, “आणि तिथं डॉक्टरांना खरं सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. पोलिसांना घेऊन येईन मी इथं!” शेजारणी दारात जमल्या होत्या. सासू एकदा माझ्याकडे बघे, एकदा आत सुनेकडे. ती नजर मी अपराधी ठरवून मोकळी झाले.

जीपमध्ये बसून फॉर्म भरला. सातवा प्रश्न, काळी खपली आहे का? नाही. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘उजव्या कमरेवर डाम दिलेला.’ ड्रायव्हरकाका तलासरीकडचे, बोलण्यात अर्धी गुजराती, केस पिकलेले. ते म्हणाले, “बेन, आज फार तापला तुम्ही.” मी म्हटलं, “तापायला नको तर काय आरती ओवाळू?” त्यांनी किल्ली फिरवली. मला तेव्हा फार बरं वाटत होतं, खरंच सांगते. चांगलं काम केल्यासारखं.

शुक्रवारी दुपारी डहाणूच्या आमच्या खोलीत बैठक असायची. प्रकल्पाच्या मुख्य डॉक्टर म्हणजे आमच्या मॅडम, पन्नाशीच्या, आवाज कधी चढत नाही, आणि फॉर्म एकेक करून वाचतात. मंगळवारच्या गठ्ठ्यातला माझा फॉर्म त्यांनी दोनदा वाचला.

“डाम एकच होता?”

“हो.”

“कमरेवर? तापाला कमरेवर देतात?”

मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या. मी इथली. माझ्या स्वतःच्या अंगावर दोन आहेत. मला डाम कळतो.”

“कळतो ना. मग सांग. दाबून बघितलास?”

“दोनदा दाबला.”

“ओरडली?”

ओरडली नव्हती. हातसुद्धा झटकला नव्हता. मी रागानं बोट रुतवलं होतं आणि ती नुसती बघत होती, मी कशाबद्दल बोलतेय ते न कळल्यासारखी.

“चार-पाच दिवसांचं भाजलेलं कुणी दाबलं तर माणूस किंचाळतं,” मॅडम म्हणाल्या. “फोड होता? कातडी सोलवटलेली?”

“नाही. भोवती लाल कडं होतं.”

“जांघेत गाठ?”

“बघितली नाही.”

“का?”

“भांडत होते,” मी म्हटलं. माझा हात माझ्या पोटावर गेला होता, दोन खुणांवर. मी बघितला होता तो डाम नव्हताच. जी खपली शोधायला मला पगार मिळतो तीच होती, आणि ती डोळ्यांनी बघूनसुद्धा मी ‘नाही’वर बरोबर खूण केली होती.

मॅडमनी घड्याळ बघितलं. तापाचा आज आठवा दिवस. त्यांनी आरोग्य केंद्रात फोन लावला, अशी कुणी सून तिथं आलीच नव्हती. आशाताईचा फोन लागेना. नवऱ्याचा नंबर फॉर्मवर होता, तो बंद. “जा,” मॅडम म्हणाल्या. “मिळाली की आधी फोन कर. शुद्धीवर असेल, गिळत असेल तर काय द्यायचं ते सांगते. नसेल तर सरळ रुग्णालयात आण, मी तिथं थांबते.” मला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाड्यावर पोचलो तर घराला बाहेरून कडी. अंगणात नागली तशीच अर्धी झोडलेली, कोंबड्या तिच्यात चरत होत्या. मी हाका मारल्या. शेजारची बाई दारात आली आणि मला बघून परत वळली. मी तिच्यामागे धावले.

“कुठं गेल्या?”

“तुमाला कशाला सांगू? पोलीस आनाया?”

“पोलीस नाहीत. ती मरेल गं. मी चुकले, तिला औषध द्यायचंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बुधवारीच गेल्या. डोकरी सगली रात रडली. दवाखान्यात नेली त पोलीस धरतील, नाय नेली त उंदीरवाली पोलीस घेऊन येईल. काय करील ती?” टमटम करून सुनेला घेऊन ती भावाकडे गेली होती, अच्छाडच्या पलीकडे, ढाब्यांच्या मागं. माझ्यापासून लपवायला.

म्हणजे आजारी बाईला दवाखान्यापासून मीच लांब पळवलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर संन्याशाबरोबर रोगीसुद्धा सुळावर.

काकांनी जीप काढली. विवळवेढ्यापाशी हायवेला लागलो तेव्हा चार वाजत आले होते. तिथून तलासरी, पुढं अच्छाड. एरवी तो रस्ता मला लांब वाटत नाही. त्या दिवशी प्रत्येक ट्रकच्या मागं आम्ही अडकत होतो आणि मी प्रत्येक ट्रकवाल्याला शिव्या घालत होते. “बेन, ट्रकवाल्यानं काय केलं?” काका म्हणाले. खरंच होतं. त्यानं काहीच केलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताचे भारे रचलेले, मुंबईच्या तबेल्यांना जायचे, आणि त्यांच्यावर बायका टेकून बसलेल्या, पाय पसरून, पान खात. कितीदा आम्ही त्यांना सांगितलं होतं, गवतावर अशा बसू नका.

ढाब्यावर विचारलं, टायर दुकानात विचारलं. तिसऱ्या माणसानं भावाचं घर दाखवलं. कच्च्या वाटेनं जीप वर गेली तर सासू दारातच उभी. जीप बघितली तशी तिनं हात पाठीमागं नेऊन दार ओढून घेतलं.

“ती नाय हितं.”

आतून खोकला आला. कोरडा, तुटक.

“बाजूला व्हा!” मी ओरडले. सवयच ती. तिनं चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या. साठीची बाई, मी ढकललं असतं तर पडली असती. मी एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा. मागून काका हळूच म्हणाले, “बेन. आवाज.”

मी थांबले. माझ्याकडे ओरडण्याशिवाय दुसरी भाषा नव्हती असं त्या वेळी कळलं. मग मी कुडता वर केला, काका जीपकडे तोंड करून उभे राहिले, आणि तिला पोट दाखवलं.

“हे बघा. दोन आहेत. माझ्या आईनं दिलेत. मी तिला पोलिसात दिलं का?”

ती वाकली. एका हातानं चौकट धरून दुसऱ्या हाताचं बोट तिनं माझ्या पोटावर टेकवलं. “आयनं दिला?”

“हो.”

“जगली ना तू?”

“जगले.”

“मी नाय दिला गो,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. “तुज्या गल्याची आण. मी तिला बोटसुदा नाय लावला.”

“मला माहीत आहे. तो डाम नाहीच. गवतातला किडा चावलाय. त्याचाच ताप आहे.”

तिनं डोळे पुसले आणि सरळ उभी राहिली. “तवा बोलली डाम. आता बोलते किडा. तू तवा खरी का आता खरी?”

बरोबर विचारलं होतं तिनं. आत खोकला चालूच होता, त्यात आता घरघर येत होती. “आता,” मी म्हटलं. “आणि आताही खोटी निघाले तर तिसरा डाम तुम्ही द्या मला. तुमच्या हातानं.”

ती बाजूला झाली.

सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. नावानं हाक मारली तर डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरेनात. ओठ सुकून पापुद्रे धरलेले. मोबाइलवर मिनिट लावून मी श्वास मोजले. चाळीस. लुगडं सैल केलं, तोच काळा गोल, आता नीट बघितला. कोरडी खपली, भोवती लाल कडं, आणि जांघेत सुपारीएवढी गाठ. मंगळवारीही ती तिथं असणार. मी दाबलं त्या जागेपासून वीतभर अंतरावर.

फोनवर मॅडमना सांगितलं. “गिळतेय?” पाणी दिलं तर बाहेर आलं. “तोंडानं काही देऊ नकोस. आण तिला.”

चादरीत घालून मी, सासू आणि तिचा भाऊ, तिघांनी तिला जीपमध्ये घेतलं. सासूनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. हायवेला आलो तर ट्रकांची रांग हलेना. काकांनी आयुष्यात कधी उलट बाजूनं गाडी घातली नसेल, त्या दिवशी घातली, दिवे लावून, हॉर्नवर हात दाबून धरून. मी मागं वळून बसले होते आणि तिची छाती बघत होते. वर. खाली. मध्येच एकदा इतका वेळ खाली राहिली की मी तिचा खांदा गदागदा हलवला. सासू सुनेच्या कपाळावर पदरानं वारा घालत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

रुग्णालयाच्या दारात मॅडम उभ्या होत्या. ऑक्सिजन लागला, शिरेतून डॉक्सी सुरू झालं, त्याच्याबरोबर दुसरं एक औषधही. अवघड रोग्याला दोन्ही एकत्र शिरेतून दिली तर जास्त गुण येतो, असं अलीकडे दिसलंय, हे मॅडम तिथल्या डॉक्टरांना सांगत होत्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. आम्ही वर्षभर उंदरांचे कान विंचरून जे गोळा करत होतो ते शेवटी याच्यासाठीच होतं, या एका बाटलीसाठी, आणि मी ती तीन दिवस उशिरा आणली होती.

बाहेरच्या बाकावर सासू बसली. मी चहा आणला, तिनं घेतला नाही. वडापाव आणला, तो मांडीवर तसाच राहिला. अंधार पडायच्या सुमाराला मुलगा आला, कारखान्याचा निळा शर्ट अंगावर, घामानं भिजलेला. त्याला गावातल्या कुणीतरी फोनवर सगळं कळवलं होतं, म्हणजे मी मंगळवारी जे सांगितलं होतं ते. तो आईसमोर उभा राहिला.

“आय, खरा सांग. तू डाम दिला?”

मी उठले. “अहो नाही. माझी चूक आहे. तो डाम नाही.” त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, आईकडेच बघत राहिला. तिनं वडापावचा कागद नीट दुमडला आणि बाकावर ठेवला.

जमलेल्या नमुन्यांची तपासणी शनिवारी झाली, तिच्या रक्ताचीही. स्क्रब टायफस. फॉर्म दुरुस्त करायला मॅडमनी माझ्यासमोर ठेवला. संशोधनात खाडाखोड करायची नसते. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. मी ‘नाही’वर रेघ मारली. शेऱ्यावर रेघ मारली. सही केली. रेघेखाली ‘डाम दिलेला’ स्वच्छ वाचता येत होतं, माझं अक्षर चांगलं आहे.

रविवारी तिचा ताप उतरला. सोमवारी ऑक्सिजन काढला. मला वाटलं, सुटलो. मी आपली शहाळं घेऊन गेले, तर वॉर्डातली नर्स दारातच म्हणाली, “तुमची पेशंट सासूच्या हातचं पाणी घेत नाहीये. सकाळपासून. दुसरं म्हणजे तिला ऐकू फार कमी येतंय.” कानाचं मॅडमना विचारलं. या तापात कधीकधी होतं, बहुतेक वेळा काही आठवड्यांत परत येतं, त्या म्हणाल्या. पाण्याचं कुणाला विचारायची गरज नव्हती. मंगळवारी ती ओटीवर पडली होती आणि मी अंगणात उभी राहून गाव गोळा करत होते. तेव्हा तिचे कान चांगले होते. तिनं सगळं ऐकलं होतं. आपण तापात बेशुद्ध असताना सासूनं आपल्याला जाळलं, असं ती सहा दिवस धरून चालली होती.

सासू खाटेच्या पायाशी बसली होती, हातात पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला. सून भिंतीकडे तोंड करून.

मी सुनेच्या उशाशी बसले. तिच्या हाताला हात लावला तशी ती वळली. “त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं,” मी म्हटलं. हळूच म्हटलं. वॉर्ड भरलेला होता, सगळ्यांनी ऐकू नये असं वाटत होतं, लपवत नाही.

“आं?” ती म्हणाली.

“सासूनं डाम दिला नव्हता. माझी चूक झाली.”

“आं?” तिनं कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे बघितलं.

तिसऱ्यांदा बोलायला गेले तर आवाजच फुटेना. तीन पाड्यांवर ऐकू जाईल असा माझा आवाज! मलाच माझा राग आला.

तेव्हा सासू उठली. पेला खाटेखाली ठेवला, सुनेच्या कानाशी वाकली, आणि शेतातून हाक मारावी तशी ओरडली.

“ताई बोलते, म्या डाम नाय दिला! गवतातला किडा चावला! ताई चुकली!”

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. दारात नर्स थांबली.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो. चुकले. हात जोडले, पहिल्यांदा तिला, मग सासूला. ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग सासूकडे वळली, आणि कानानं ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, “मंग तू तवाच का नाय बोलली?”

सासूनं खाटेखालचा पेला उचलला, पदरानं त्याची कड पुसली.

“मना कोनी इचारला?”

हे ती सुनेला म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. मग तिनं सुनेच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या तोंडाला लावला.